कॅमेलियाची पाठ

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणी ना कुणी मला गाठतंच. “मीनलताई, तुम्ही नेमकं करता काय हो?” मी सांगते, “जुने कागद बरे करते.” समोरचा माणूस जरा विचार करतो आणि मग हमखास विचारतो, “म्हणजे लॅमिनेशन?”

लॅमिनेशन! हा शब्द ऐकला की माझं पित्त खवळतं. अहो, दोनशे वर्षांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून वरून गरम इस्त्री फिरवायची, याला बरं करणं म्हणतात का? पण सणासुदीला वाद नको म्हणून मी मोदक घेऊन पुढे सरकते. या अंकाच्या संपादकांनी “तुमच्या कामातले चार किस्से लिहा” म्हटलं, तेव्हा म्हटलं, चला, त्या रांगेतल्या सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकू. चार काही जमले नाहीत. दोन आहेत, आणि दोन्ही एकाच फुलाचे.

शिकागोतल्या एका मोठ्या म्युझियमच्या तळघरात मी एकतीस वर्षं कागदाची डागडुजी केली. मी मूळची नागपूरची, केमिस्ट्रीत एम.एस्सी. लग्न होऊन शिरीषबरोबर इकडे आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. घरात बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून म्युझियममध्ये फुकट काम करायला जाऊ लागले आणि तिथेच अडकले. आमचं काम म्हणजे पिवळे पडलेले, बुरशी लागलेले, कुणीतरी प्रेमाने सेलोटेप चिकटवलेले कागद पुन्हा उभे करणं. नियम एकच: तुम्ही कागदाला जे काही लावाल, ते उद्या दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे. आपली हुशारी कागदावर कायमची गोंदवून ठेवायची नाही.

तिथे माझे गुरू होते ओनो-सान. ठेंगणे, सत्तरीचे, दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील तर खूप. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक पातेलं, गव्हाचं सत्त्व आणि लाकडी उलथणं दिलं. जपानी पद्धतीत फाटका कागद जोडायला गव्हाची खळ लागते, आणि ती शिजवायला शिकण्यात म्हणे लोकांची दोन-दोन वर्षं जातात. गुठळ्या होतात, खाली लागते. मी पातेल्यात डोकावले आणि जोरात म्हणाले, “अय्या, हा तर कुरडयांचा चीक!” दर उन्हाळ्यात आईच्या हाताखाली मी तेच तर ढवळत आले होते. एका दिशेने हात फिरवत राहिले, पारदर्शक झाला तसा उतरवला. ओनो-साननी ब्रश बुडवला, बोटांवर खळ घासून पाहिली आणि मान अगदी थोडी झुकवली. पुढे मला बक्षिसं मिळाली, प्रमोशन मिळालं, पण त्या मान झुकवण्याची सर कशालाच आली नाही. आणि तेही कशामुळे, तर कुरडयांमुळे.

त्यांचा दुसरा धडा एका वाक्याचा होता. चित्र टेबलावर आलं की माझे डोळे साहजिकच चित्राकडे जायचे. ते हात आडवा घालायचे आणि म्हणायचे, “आधी पाठ.” चित्र उलटं करायचं. पाठीवर डाग उमटलेले असतात, जुन्या मालकाची खूण असते, आधीच्या कारागिराने केलेली लपवाछपवी असते. चित्राच्या तोंडावर लोकांना दाखवायचं तेवढंच असतं, बाकी सगळं मागे. इतकं सोपं, आणि तरी मी ते कितीदा विसरले आहे!

त्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा ज्या चित्रांना हात लावला, ती कॅमेलियाची होती. आपल्याकडे हे फूल फारसं कुणाला माहीत नाही. चहाची सख्खी बहीण म्हणा ना. चकचकीत हिरवी पानं, गुलाबासारखी फुलं, आणि बहर कधी, तर ऐन थंडीत. जपानमध्ये जुन्या काळी लोकांना या फुलाचं वेड होतं. नवनवे प्रकार काढायचे, एकेकाला नाव द्यायचं आणि चित्रकाराकडून त्याची नोंद करून घ्यायची. माझ्यासमोर जी वही उघडली, तिच्यात पानोपानी कॅमेलिया होत्या: लाल, पांढऱ्या, पांढऱ्यावर लाल शिंतोडे असलेल्या, आणि शेजारी प्रत्येकीचं नाव, जणू वर्गाची हजेरी.

मी भिंगातून पाहिलं आणि माझा श्वास अडकला. खरंच सांगते, अडकला. पांढरा रंग शिंपल्यांचा होता. शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून, दळून, सरसात कालवून केलेला. तो थरावर थर असा चढवला होता की पाकळीला हाताला लागेल एवढी जाडी आली होती. मधले परागकण म्हणजे एकेक पिवळा थेंब, एकालाही दुसरा चिकटलेला नाही. आणि एका पानाला किडीने खाल्लेलं भोक! चित्रकाराने ते भोकसुद्धा मन लावून काढलं होतं, कडा जरा तपकिरी करून. खाली जमिनीवर एक फूल पडलेलं. कॅमेलिया पाकळी-पाकळी गळत नाही, अख्खी पडते. ते पडलेलं फूलही त्याने झाडावरच्या फुलाइतक्याच मानाने रंगवलं होतं. मी ओनो-सानना विचारलं, “इतकं कोण बघतं हो?” ते म्हणाले, “तू बघतेस की.”

युरोपातल्या चित्रांची तऱ्हा निराळी. तिकडे हे झाड जहाजातून गेलं, काचघरात वाढलं आणि चित्रकार त्याच्यासमोर वही घेऊन बसला. त्यांची कॅमेलिया ताठ उभी, सरळ तुमच्याकडे बघणारी, मागे कोरा कागद, पासपोर्टच्या फोटोसारखी. कीड नाही, पडलेलं फूल नाही. पण पानाच्या शिरा बघाव्यात! तांब्याच्या पत्र्यावर केसाहून बारीक रेघा कोरायच्या, शाई भरून छापायच्या आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. रंगवायला बहुतेक बायका आणि मुली बसायच्या. त्यांची नावं कुठेच नाहीत. पानांवर डिंकाचा एक हलका हात देत, त्यामुळे आजही पान तिरकं धरलं की ओलं दिसतं. एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत गुलाबी जरा जास्त, एकीत कमी. त्या दिवशी त्या मुलीचा हात जड पडला असेल, किंवा खिडकीतून ऊन कमी आलं असेल. दोनशे वर्षांनी ते मला दिसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता पहिला किस्सा. अलाबामाहून एक बाई आल्या. त्यांना मिसेस डेल म्हणू. म्युझियम तेव्हा बाहेरची थोडी कामं घेत असे. त्यांच्याकडे अशीच एक रंगवलेली युरोपी कॅमेलिया होती, फक्त काळी. काळीभोर, कोळशासारखी. त्यांच्या घराण्यात सांगत की ही जगातून नाहीशी झालेली काळी कॅमेलिया, आमच्या पणजीने जपलेली. बाईंनी मान उंच करून मला हे सांगितलं.

मला भिंगाचीही गरज पडली नाही. जुना पांढरा रंग शिशाचा असे, आणि कोळशाच्या शेगड्यांच्या धुराने तो काळा पडतो. मी म्हटलं, “मॅडम, हे फूल काळं नाही. ते पांढरं होतं, आणि मी ते पुन्हा पांढरं करू शकते.” त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, करा. मी किती खूश होते! पेरॉक्साइडचा बारीक फवारा, तासाभराने पुन्हा एक, आणि डोळ्यांदेखत काळ्यातून राखाडी, राखाडीतून पांढरं. सगळी लॅब गोळा झाली. एखाद्या जादूगारासारखी मी मिरवले.

मिसेस डेल आल्या. कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आजी मला मांडीवर घेऊन काळं फूल दाखवायची. ते आता कुठे आहे?”

आम्ही कागदाला काही लावताना शंभरदा विचार करतो, पण काढताना? काढलेलं परत लावता येत नाही. मी बरोबर होते, शंभर टक्के बरोबर होते, आणि त्या बाईंचं फूल मी घालवलं होतं. त्यानंतर मी गिऱ्हाइकाला आधी विचारायला लागले, “डाग काढल्यावर तुम्हाला चुकल्यासारखं नाही ना वाटणार?” लोक हसतात. हसू देत.

रिटायर झाल्यावर मी घराच्या बेसमेंटमध्येच टेबल मांडलं. शिरीष म्हणतो, “हिने म्युझियमचं तळघर सोडलं आणि घरचं पकडलं.” गेल्या सप्टेंबरमध्ये नोव्हायहून डॉक्टरकाकांचा फोन आला. डेट्रॉइटकडे इतकी वर्षं डोळ्यांचे डॉक्टर म्हणून राहिलेले, ऐंशी ओलांडलेले, इथल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनांत भेटायचे. त्यांची बायको शरयूकाकू आदल्या वर्षी दिवाळीच्या आधी अचानक गेली होती. म्हणाले, “मीनल, एक चित्र आहे. मी घेऊन येतो.” मी म्हटलं, काका, कुरियर करा. ते म्हणाले, “कुरियर? वेडी आहेस का?”

चार-साडेचार तास एकटे ड्राइव्ह करत आले. मागच्या सीटवर काळं फोल्डर, आणि त्याला सीटबेल्ट लावलेला.

फोल्डरमध्ये दोन चित्रं निघाली. एक जपानी, ब्रशने काढलेली पांढरी कॅमेलिया, तलम कागदावर. दुसरं युरोपी, छापून हाताने रंगवलेलं, जाड कागदावर, तेही पांढऱ्या कॅमेलियाचंच. खाली रुंद कोऱ्या पट्टीत तिचं नाव, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. काकूंनी दोन्ही एकदमच एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली होती. नोकरी सोडल्यावर त्या फुलं रंगवायला शिकल्या. घरात कुंडीत कॅमेलियाही वाढवली, मिशिगनच्या थंडीत, खिडकीशी. आणि रोज या दोन चित्रांवरून हात गिरवायच्या. म्हणायच्या, “हे माझे दोन गुरुजी.”

“आणि हे बघ,” काका म्हणाले.

युरोपी चित्राच्या खालच्या पट्टीत, नेमका त्या बारीक अक्षरांवर, रुपयाएवढा मळकट पिवळा डाग होता. मी विचारलं, कशाचा? ते म्हणाले, “काय माहीत! मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला फोल्डर काढलं, तर हे. तेलाचा हात लागला की चहा सांडला, तिने सांगितलंच नाही. नुसती म्हणाली, चुकलं माझं.” काका माझ्याकडे न बघता बोलत होते. “मी फार ओरडलो गं. पाहुण्यांसमोर. म्हटलं, डोळे फुटले होते का तुझे? दोन आठवड्यांनी ती गेली. हार्ट. सॉरी म्हणायचं राहून गेलं.”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

“या दसऱ्याला हे चित्र तिच्या फोटोशेजारी ठेवायचंय. पण डाग दिसला की मला माझाच आवाज ऐकू येतो. तू तो काढ. काढशील ना?”

माझा नेहमीचा प्रश्न मी विचारला, डाग गेल्यावर चुकल्यासारखं नाही ना वाटणार? काका चिडले. “मी एवढ्या लांब काय डाग मिरवायला आलोय?” मी म्हटलं, काढते.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले. चित्र उलटं करून पाठ पाहिली, अगदी धर्म म्हणून पाहिली. कागद जुना, तपकिरी झाकेचा, बाकी काही दिसलं नाही. झालं, पाठ झाली! मग डागाकडे वळले. जुन्या कागदातलं पिवळं बहुतेक वेळा आम्लाचं असतं, त्याला चुन्याची अगदी पातळ निवळी लागते. कापसाच्या काडीने मी डागाच्या कडेला एक थेंब टेकवला.

डाग लाल झाला.

मी किंचाळले. शिरीष वरून धावत आला. त्याला वाटलं माझं बोट कापलं. मी नुसती बघत होते. एकतीस वर्षांत माझ्या हातून कधी कागद बिघडला नव्हता, आणि आता हा, बिचाऱ्या काकांचा... आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. चुना लागला की लाल होणारं पिवळं! ज्याच्यापासून पूर्वी घरोघर कुंकू करत! मी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, हळद! हळद आहे ही! दसरा म्हणजे हळद!” आयुष्यभर अमेरिकन लॅबमध्ये बसून माझ्या डोक्यात चहा आला, कॉफी आली, तंबाखू आला, गंज आला, आणि जी हळद मी रोज फोडणीत घालते ती आली नाही.

आता सगळं जुळलं. खंडेनवमी-दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो, पुस्तकं पुजतो. काकूंनी आपल्या गुरुजींना हळद वाहिली होती. हे दुसरं कोण करणार? कुठल्याही अमेरिकन कागदतज्ज्ञाच्या पुस्तकात हा डाग मिळायचा नाही.

लाल झालेली कड आंबट पाण्याच्या थेंबाने पुन्हा पिवळी झाली, माझा जीव भांड्यात पडला. हळद काढायची कशी, हेही कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही. पांढऱ्या साडीवर वरण सांडलं की आई काय करायची? धुऊन उन्हात टाकायची. हळद उन्हात टिकत नाही. फक्त ऊन चित्राच्या रंगांनाही खातं, म्हणून फूल आणि पानं पूर्ण झाकायची आणि डागापुरती खिडकी उघडी ठेवायची. पण आधी प्रयोग. त्यासाठी शिरीषला घेऊन डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, गेले. पार्किंग मिळेना, तो गाडीतच बसला, मागे बस हॉर्न देत होती. दुकानातल्या पोराने विचारलं, “आंटी, कौनसी हल्दी? खाने की या पूजा की?” मी म्हटलं, “दोनो दे दे यार, कागज को लगानी है.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

जुन्या कोऱ्या कागदांवर मी टिकल्या लावल्या आणि अंगणात उन्हात ठेवल्या. चार दिवसांत डोळ्यांना काही दिसेना. पण खरंच गेली का, हे बघायला बेसमेंटची खिडकी काळ्या कापडाने झाकली आणि यूव्ही दिवा लावला. हळद त्या दिव्याखाली काजव्यासारखी चमकते, अगदी कणभर उरली असली तरी. माझ्या कागदांवर फिकट फिकट चमक होती. म्हणजे अजून दोन दिवस ऊन लागणार होतं.

तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, शेजारीच होतं म्हणून काकांचं चित्र दिव्याखाली धरलं. समोरचा डाग झगझगीत पेटला. ते अपेक्षितच होतं. मग ओनो-सान आठवले. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा आडवा हात मला दिसला. आधी पाठ. मी चित्र उलटं केलं.

काय सांगू! अंगावर काटा आला. आता लिहितानाही येतोय. कागदाच्या पाठीवर, खालच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या टिकल्यांची ओळ उजळली होती. उजेडात तिथे काहीच नव्हतं, मी स्वतः पाहिलं होतं. लावून लगेच फडक्याने टिपलेल्या, त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या. मी मोजल्या. एकोणीस. मी पुन्हा मोजल्या. मग दिव्याखाली जपानी चित्राची पाठही पाहिली. तिच्यावर एकही नाही. तो कागद तलम, डाग धरेल म्हणून त्याला बहुतेक नुसता नमस्कार. म्हणजे बाईला कागदाची किती जाण होती बघा.

दिवा विझवायचं मला सुचेना. मोठमोठ्या चित्रकारांची कामं माझ्या हाताखालून गेली, राजांच्या बागांतली फुलं गेली, पण एवढं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. अंधारात एकोणीस दसरे रांगेत उभे होते.

काकांना फोन केला. “काका, ही चित्रं घेऊन किती वर्षं झाली?” “वीस. का गं? खराब झालं का काही?” म्हटलं, “नाही. तुम्ही या. मी काही काढलेलं नाही अजून. आधी या.”

शनिवारी आले. या वेळी मुलगी नेहाने एकटं सोडलं नव्हतं. “बाबा, यू आर नॉट ड्रायव्हिंग, पीरियड,” असं म्हणून तीच घेऊन आली होती. ती वर शिरीषबरोबर चहाला बसली आणि मी काकांना खाली नेलं. आधी हळदीची गोष्ट सांगितली, चुन्याने लाल केल्याची माझी चूकही सांगितली. ते म्हणाले, “हळद? पण देवघरात मी कधी पाहिलं नाही तिला या चित्रांना हळद लावताना.”

“तुम्हाला दिसायचं नाहीच काका,” मी म्हटलं. “त्या मागे लावायच्या. फोल्डरमधून चित्र पालथंच जरासं बाहेर ओढायचं, खालच्या कडेला टिकली, पुसायची, परत आत. कुणाला कळायला नको आणि चित्राला धक्का लागायला नको.” आणि मी दिवा लावला.

काका खुर्चीवर बसले होते ते पुढे झुकले. मला वाटलं रडतायत. पण नाही, ते वाचत होते. आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचत होता. बोट कागदाला न लावता, वरूनच, एकेका टिकलीवर थांबत.

“हे बघ,” ते हळूच म्हणाले. “इथपर्यंत कशी सरळ आहे. पट्टी लावल्यासारखी. दोन टिकल्यांत अंतरही सारखं. बारा, तेरा, चौदा.” बोट थांबलं. “ही खाली गेली. ही पुढची वर. या दोन एकमेकींवर चढल्या. मधलं दिसत नव्हतं तिला, मीनल. कडेकडेचं दिसत होतं, नेमकं समोरचं नाही. पाच वर्षं. इथून सुरू झालंय.”

मी टिकल्या पाहिल्या होत्या, मोजल्या होत्या. वाकड्या आहेत हेही पाहिलं होतं. म्हटलं होतं, वयामुळे हात थरथरत असेल. त्यांना डोळे दिसले.

“मी म्हणायचो, क्लिनिकमध्ये ये एकदा, तपासतो. ती म्हणायची, तुमचे पेशंट आधी बघा, मला काय धाड भरलीय. आणि मी बरं म्हणायचो.” मग त्यांनी चित्र सुलटं करायला सांगितलं. समोरचा डाग अक्षरांवर जळत होता. “आणि शेवटच्या वर्षी चित्र फोल्डरमध्ये सुलटं ठेवलं गेलं. खालची कड बाहेर ओढली. ही अक्षरं तिला दिसलीच नाहीत. कोरं दिसलं, म्हणून वाटलं हीच पाठ. हळद किती घेतली तेही दिसलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “आणि मी तिला काय विचारलं, ते सांगितलंय मी तुला.”

आता मात्र ते रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार? वरून नेहाच्या हसण्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळाने मी विचारलं, “काका, डाग काढायचा ना? अंगणात आठवडाभर ऊन दिलं की जाईल.”

“नाही,” ते म्हणाले. “पेशंटची फाइल कुणी पुसतं का?” आणि जरा थांबून, “दसरा पुढच्याच आठवड्यात आहे ना गं? एकोणीस झाल्या. विसावी समोर गेली. मागची जागा तशीच राहिली.”

मला कळलं ते काय मागतायत. एकतीस वर्षांची माझी सगळी शिस्त आतून ओरडली, नाही, नाही, नाही! आम्ही चित्राला श्वाससुद्धा जपून लावतो. पण मिसेस डेलचा चेहरा मला आठवला, आणि मग नियमही आठवला: जे लावाल ते उद्या दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे. हळद तर उन्हाने जाते. म्हटलं, “पाठीवरच काका. आणि अगदी थोडी.” (नंतर रिपोर्टात मी लिहिलं: मागील बाजूस हळदीच्या वीस टिकल्या, पुढील बाजूस एक. उपचार: काही नाही.)

डेव्हनच्या पुडीतली चिमूटभर हळद मी बशीत कालवली. साध्या उजेडात काकांना ओळ कुठे संपते ते दिसेना, मलाही दिसेना, म्हणून पुन्हा अंधार करून दिवा लावला. त्यांनी अनामिकेवर हळद घेतली, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि एकोणिसाव्या टिकलीच्या शेजारी बोट टेकवलं. मी फडक्याने टिपलं. विसावी टिकली पेटली.

“ओळीत आली का?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हटलं, “नाही काका. बरीच वर गेली.”

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नेहाला हाक मार. म्हणावं, सोमवारी मला डोळे तपासायला घेऊन चल.”